वरती श्री नसलेलं पत्र

॥ श्री ॥

पहिली हट, ऑरेगन
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. शंतनूस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. इथे फोन चालत नाही आणि माझ्याकडे वही-पेन आहे, एवढंच. खाली उतरले की पोस्टात टाकीन, मिळेल तेव्हा मिळेल.

मी ट्रेकला जाणार हे तुला सांगितलं होतं. तू "बरं" म्हणालास आणि फोन शुभाकडे दिलास. माझ्या लक्षात आहे. राग नाही, सांगून ठेवते फक्त.

आम्ही राहतो ते रेडमंड वॉशिंग्टनमधलं. काल विमान उतरलं तेही रेडमंडलाच, पण ऑरेगनमधल्या. अप्पांना सांग, ते म्हणतील, विमानात बसून होतीस तिथेच गेलीस की! तिथून गाडीने दीड तास, आणि मग पाच दिवस चालायचं. रोज एका हटपासून दुसऱ्या हटपर्यंत. हट म्हणजे लाकडी खोली, दोन मजली बाकडी, मधे लोखंडी शेगडी, बाहेर पाण्याची टाकी. आम्ही आठ जण आणि वाट दाखवायला कॉलीन नावाची बाई. बासष्ट वर्षांची आहे. रस्त्यात दर तासाला ती आपल्या काठीने हवेत टिंब देत आम्हाला मोजते.

सगळा मुलूख ज्वालामुखीचा. मैलच्या मैल काळा दगड, नांगरून टाकलेल्या रानातल्या ढेकळांसारखा, फक्त हात लावला की कापतो. मी कॉलीनला सांगलीचं नाव सांगितलं तर ती म्हणाली, मग तू लाव्हावरच वाढलीस, तुमचं अख्खं पठार लाव्हाचं आहे. अप्पांना हेही सांग. एवढी वर्षं वीज मंडळात खांब पुरायला पहारीने तोच दगड फोडत होते.

आठांत एक मराठी निघाले. जगन्नाथ काका, मूळचे नागपूरचे, मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. पहिल्या चढावर गाठलंच त्यांनी मला. "सांगलीच्या का? वा! आई-वडील आहेत?" मी म्हटलं, आई नाही, वडील आहेत. ते म्हणाले, "नशीबवान आहात." मग त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला आणि तो विषय तिथेच राहिला.

गेल्या आठवड्यात तू म्हणालास की अप्पा आता दोन चमच्यांवर पेज घेत नाहीत. मी म्हटलं, तिकिटाचं बघते. बघितलं नाही. माझ्या व्हिसाचा स्टॅम्प संपलाय हे तुला किती वेळा सांगू? तिकडे आले तर नवा स्टॅम्प मिळेपर्यंत परत येता येणार नाही, आणि तो कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. तोवर नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही. अनिकाची शाळा इथे, ऋषी इथे. हे सगळं तुला पटतं. तू "हो ताई, बरोबर आहे" म्हणतोस. तुझं ते "बरोबर आहे" मला ऐकवत नाही.

सकाळी जिथे गाडी सोडली तिथे तुझा मेसेज आल्यासारखा वाटला. रेंज गेली. नीट दिसला नाही.

यंदा गणपती लवकर आहेत, सत्तावीसला. मूर्ती सांगितलीस का?

ती. अप्पांना सा. नमस्कार. शुभाला आशीर्वाद.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

दुसरी हट
मंगळवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळचे पाच

चि. शंतनूस अनेक आशीर्वाद.

आज अकरा मैल. जेवण सहाला आहे, तोवर लिहिते.

डाव्या पायाचा अंगठा बधिर झालाय. बूट लहान पडतोय बहुतेक. कॉलीनने टाचणीसारखं काहीतरी टोचून बघितलं, मला कळलं नाही. ती म्हणाली, चालत राहा, येईल परत.

दुपारी एका उतारावर नुसती वज्री होती. आपण टाच घासतो ती. इथे तिचे डोंगर आहेत. डोक्याएवढा धोंडा मी एका हाताने उचलला आणि काकांनी फोटो काढला. फोटोत मी हसतेय. तळ्यात टाकला तर तो बुडेना, तरंगत राहिला. सगळे लहान मुलांसारखे दगड टाकत बसले. मीही टाकले पाच-सहा.

तासाभरापूर्वी कॉलीन मला बाजूला घेऊन गेली. तिच्याकडे सॅटेलाइटचा फोन असतो, अडीअडचणीसाठी. त्यावर ऋषीचा निरोप होता. घरी फोन कर, एवढाच. तिने फोन पुढे केला. "एव्हरीथिंग ओके ॲट होम?" मी म्हटलं, हो, वडील म्हातारे आहेत, भाऊ काळजी करतो. उद्या करीन. ती माझ्याकडे बघत राहिली. "आर यू शुअर, हनी?" मी म्हटलं, शुअर.

फोन पिवळ्या रंगाचा आहे आणि जड आहे. तिने तो परत पिशवीत ठेवला.

अनिकाला निघताना विचारलं होतं, मी गेले तर चालेल ना? ती म्हणाली, "मॉम, जस्ट गो. यू नीड अ ब्रेक." मला क्षणभर वाटलं, ती सांगलीबद्दलच बोलतेय.

काका आत हाका मारतायत. मसूरची आमटी आहे, इथले लोक तिला सूप म्हणतात. त्यांनी त्यात चटणी घातली आणि सगळ्यांना वाढली.

ती. अप्पांना सा. नमस्कार.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

चौथी हट
गुरुवार, २१ ऑगस्ट

शंतनू,

काल लिहिलं नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझा मेसेज मला दिसला होता. "ताई, लगेच फोन कर. अप्पा आज" एवढं वरच्या पट्टीत दिसलं, पुढचं उघडल्याशिवाय दिसणार नव्हतं. रेंज होती. दोन कांड्या होत्या. मी फोन बंद केला, मोजा काढला, त्यात गुंडाळला आणि सॅकच्या तळाशी घातला. मग बूट घातले आणि रांगेत जाऊन उभी राहिले. कॉलीनने मोजलं, आठ.

लहानपणी अप्पांनी आपल्याला एक गोष्ट शंभरदा सांगितली होती. वायरीला हात लावायच्या आधी मेन बंद करायचा. मी मेन बंद केला. तेवढीच अक्कल उरली होती.

तुला शैलाआत्याचं कार्ड आठवतं का? तू तीन वर्षांचा होतास, नसेल आठवत. तिच्या मुलाच्या मुंजीच्या दिवशी पोस्टमन कार्ड देऊन गेला. तिने ते लांबूनच बघितलं. वरती श्री नव्हतं. श्री नाही म्हणजे कुणीतरी गेलंय, हे तिला कळलंच. तिने कार्ड पालथं करून डाळीच्या डब्याखाली सरकवलं आणि पंगत वाढायला गेली. दुपारी सगळे जेवून उठल्यावर तिने ते काढलं, वाचलं, फाडून टाकलं, अंगावर पाणी घेतलं आणि मग रडली. मी तिला विचारलं होतं, तुला सकाळीच कळलं होतं ना? ती म्हणाली, "वाचलं नाही तोवर कानावर आलं नाही. कानावर आलं नाही तोवर सुतक नाही."

मी आठ वर्षांची होते. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मला कळलं असतं तर तू विचारलं असतंस, ताई, तू येईपर्यंत अंत्यविधीला थांबू का? मला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. हो म्हटलं असतं तर इथलं सगळं मोडायची तयारी हवी होती. नाही म्हणणारं तोंड मला नव्हतं. म्हणून मी ऐकलंच नाही. आपल्याकडे कुणी सरळ सांगतही नाही, त्याचा मला फायदा झाला. तू लिहितोस फोन कर, ऋषी म्हणतो फोन कर. गेले, असं कुणी म्हणत नाही. मग मला राहता आलं, चार दिवस.

खरं सांगते, हा ट्रेक मी फेब्रुवारीत ठरवला तेव्हा जागेची माहिती वाचताना एकाच ओळीवर थांबले होते. "पूर्ण वाटेवर फोनला रेंज नाही."

पहिल्या दोन पत्रांत अप्पांना नमस्कार लिहिला तो मुद्दाम. हात थांबला नाही. काकांना "वडील आहेत" म्हटलं तेही असंच. त्यानंतर काका रोज विचारतात, अप्पा काय करायचे, चालतात का, कानाला ऐकू येतं का. मी सगळं वर्तमानकाळात सांगते. आज ते म्हणाले, खाली उतरलो की मला बोलू द्या त्यांच्याशी दोन मिनिटं, वीज मंडळातला माणूस म्हणजे आपल्यातला. मी म्हटलं, हो.

मला रडू येत नाही. यायला हवं. उद्या चालताना प्रयत्न करून बघीन, असं काल ठरवलं होतं. आज नऊ मैल चालले आणि विसरले. अंगठा अजून तसाच आहे.

उद्या उतरतोय. उतरल्यावर तुला फोन करीन आणि मग ऐकीन.

आज नमस्कार कुणाला लिहू? वरती श्री मात्र लिहिलंय. अजून मी काही ऐकलेलं नाही.

ताई


रेडमंड, वॉशिंग्टन
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

शंतनू,

काल फोनवर तू "ताई, आहेस ना?" असं तीनदा विचारलंस. होते. गाड्या लावतात तिथे एका ओंडक्यावर बसले होते. काका चार हात लांब त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बोलायला फोन मागितला नाही.

तू ठेवल्यावर मी तुझा सोमवारचा मेसेज उघडला. आता पाठ झालाय. "ताई, लगेच फोन कर. अप्पा आज उठून बसलेत. तुझ्याशी बोलायचं म्हणतायत."

मी अप्पांना सोमवारीच मारून टाकलं होतं, शंतनू. तुझं अर्धं वाक्य वाचून. आणि ते तिकडे उशीला टेकून बसले होते, तुझा फोन त्यांनी मांडीवर ठेवून घेतला होता. तू म्हणालास, दुसऱ्या दिवशीही विचारलं त्यांनी, आसाचा फोन आला का? तू म्हणालास डोंगरात आहे, रेंज नाही. त्यांनी "असेल" म्हटलं. तू माझी बाजू सांभाळलीस.

मी तास मोजले. मला तेवढंच जमलं. कॉलीनने पिवळा फोन पुढे केला तेव्हा तुमच्याकडे बुधवारची पहाट होती. ते गेले सहा चाळीसला. त्या फोनवरून लावला असता तर अजून दोन तास होते.

तुला विचारलं, काय बोलायचं होतं त्यांना? तू म्हणालास, "माहीत नाही. तुलाच सांगणार होते."

ऋषीवर मी चिडले. त्यानंतर का नाही कळवलंस म्हणून. तो म्हणाला, शंतनूच म्हणाला की आता वरती एकटीला कशाला सांगायचं, खाली आली की कळेल. तुमचं चुकलं नाही. मी असते तर मीही तसंच म्हटलं असतं.

आत्या सांगायची, लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं तीन दिवस. बुध, गुरू, शुक्र. ते तिन्ही मी चालत काढले. गुरुवारी कुणीतरी वाढदिवसाचा केक आणला होता, तो खाल्ला.

शेवटी मी विचारलं, येऊ का? मनापासून विचारलं. तू म्हणालास, "आता कशाला, ताई." रागाने नाही म्हणालास. रागाने म्हटलं असतंस तर मी आले असते.

आज सकाळी आंघोळ करताना अंगठ्याला गरम पाणी लागलं आणि एकदम चटका बसला. मी तिथेच खाली बसले. अनिका दार वाजवत होती, "मॉम? मॉम, आर यू हर्ट?" मी हो म्हटलं. मराठीत म्हटलं. तिला कळलं.

तुमच्याकडे यंदा गणपती बसणार नाहीत. मूर्ती सांगितली असशील तर त्या माणसाला कळव, नाहीतर तो वाट बघेल.

आधीची तिन्ही पत्रं सोबत घालतेय, एक अक्षर बदललेलं नाही. तिसरं वाचलंस तर चालेल, नाही वाचलंस तर बरं. पहिली दोन मात्र ठेव. त्यांत अप्पांना नमस्कार लिहिलाय, आणि मी तो लिहिला तेव्हा ते होते.

हे वाचून फाडून टाक.

आसा