पिठावरची रेघ

ज्येष्ठ वद्य १४, शके १८४९

सकाळी टोपली उचलली. पिठावर रेघ उमटली होती — वळणावळणाची. भिंतीकडून आलेली आणि परत भिंतीकडेच गेलेली.

काल माझ्या मुलाचा, वीरसिंगचा दहावा झाला. मधल्या घरात जिथे त्याचा जीव गेला तिथे बायकांनी जोंधळ्याचं पीठ पसरलं, मध्ये पणती ठेवली आणि वर टोपली पालथी घातली. जीव कोणत्या योनीत गेला ते पिठावर दिसतं, असं आपल्यात मानतात. माझ्या वडिलांच्या वेळी पाखराचे पाय उमटले होते, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. आजची टोपली जुनी, एका बाजूने काठ मोडलेला.

बहीण फुलवंता वाकून बघते तोच ओरडली, "दादा, आपला वीरसिंग नाग व्हई गया!" सगळ्या बायका रडू लागल्या. वीरसिंगची आई — माझी सुंदर — रडली नाही. ती त्या रेघेकडे पाहत राहिली. मग तिने भिंतीकडे पाहिलं.

ज्येष्ठ अमावास्या

बाविसावं वर्ष. आजारी नव्हता. रात्री पोटभर जेवला, मधल्या घरात घोंगडी टाकून निजला. पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला. मी ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं. सुंदर काशाच्या वाटीने त्याचे तळपाय घासत बसली. थोड्या वेळाने पापण्याच उचलेनात. "माय, डोया उघडत नहीत मन्हा." जीभ जड झालेली. ऊन अंगणात उतरायच्या आत सगळं संपलं.

गावात कुणी पटकी म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. पटकी म्हणावी तर जुलाब नाही, उलटी नाही. सून रमिला तेव्हा माहेरी. चौथा महिना तिला. आली ती थेट चितेपाशीच.

देवा दत्ता, तुझा हिशेब मला कळत नाही. विचारतही नाही.

आषाढ शुद्ध ३

पेरणीची तिफण धरायला हात उचलेना. तिच्या रुमण्यावर वीरसिंगच्या मुठीची जागा गुळगुळीत झालेली आहे. शेजारच्या जामसिंगने आपली बैलजोडी आणून पेरून दिलं.  एरवी तोंडाचा फटकळ, पण एकही थट्टा केली नाही, हेच नवल!

आषाढ शुद्ध ६

दिसलं!

दिवेलागणीला सुंदर पणती घेऊन मधल्या घरात गेली, मी मागे. कणगीच्या मागे भिंतीच्या बुडाशी बीळ आहे. काळं जनावर, अंगठ्यापेक्षा थोडं जाड, तेल चोपडल्यासारखं चकचकीत. मला दिसली ती आत जाणारी शेपटी. तिच्यावर पांढरे पट्टे.

मी काठीसाठी वळलो तर सुंदरने मनगट धरलं. "हात नका लावा त्याले."

रमिला दारात उभी होती. पदराचा बोळा तोंडात धरलेला.

आषाढ शुद्ध ७

जामसिंगला विचारलं. तंबाखू मळता मळता हसला. "पट्टा पट्टाना? कवड्या व्हई, आबा. गरीब शे तो. तुम्ही भाकर खातस, तो पाली खास."

म्हटलं, आणि मण्यार असली तर?

हसणं थांबलं. मण्यार चावली तर माणूस उरत नाही, हे लहान पोरालाही माहीत. म्हणाला, "मण्यार भितवर चढत नही. कवड्या चढस. आनि पट्टा देखा. कवड्याना पट्टा मानपासून सुरू व्हतस, शेपटीकडे पुसट. मण्यारनं उलटं — मान कोरी, शेपटीकडे पट्टा ठळक."

मी तर शेपटीच पाहिली. ठळक की पुसट? पणतीच्या उजेडात, या डोळ्यांनी, काय सांगू!

आषाढ शुद्ध १०

सुंदर बिळापाशी वाटीत दूध ठेवते. फुलवंताला ते पटलं — "मन्हा भाचा शे तो, माय नही ठेवी तर कोन ठेवी?" सुंदर तिला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

पिठावरच्या रेघेवर माझा विश्वास आहे का? दिवसा विचारलं तर सांगता येत नाही. पण काल पूजा करताना हात जोडले आणि देवाऐवजी ते बीळच डोळ्यांपुढे आलं.

आषाढ शुद्ध १२

रमिलाला माहेरी पोचवलं. सुंदरनेच ठरवलं. "पोटुशी बाईनी या घरमा नही ऱ्हावानं." निघताना आपले चांदीचे तोडे काढून तिच्या पायात घातले. रमिला नको नको म्हणत होती. "घाल व माय. मन्हा पायले जड व्हतस आते."

दुपारी मांजरही दिली, जामसिंगच्या बायकोला. मांजर जनावराला त्रास देईल, म्हणून असणार. आईचं काळीज!

आषाढ पौर्णिमा

दत्ता, तुझे उपकार!

आज दिवेलागणीला माळवदाच्या खाली, भिंतीवर पाहिलं. पालीच्या मागे सरसर चढत होतं. पट्टे मानेपासून सुरू, खाली पुसट होत गेलेले. कवड्या! तसाच उठून जामसिंगकडे गेलो. तो म्हणे, "मी काय सांगं व्हतं? आते दूध पाजा, पेढा चारा, बारसं करा!" बायकोने त्याला दटावलं. त्याने जीभ चावली. मला राग आला नाही. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

आषाढ वद्य २

सुंदर मधल्या घरात निजते. बिळापासून हातभर अंतरावर, खाली घोंगडीवर. मी खाट आत आणली. "खाट नको. भुईवर बरं वाटस." कवड्या आहे, तेव्हा निजेना का. लेकराच्या जवळ निजल्यासारखं तिला वाटत असेल तर मी कोण नको म्हणणारा?

आषाढ वद्य ६

आज गंमत झाली. सुंदरने मला चुलीपुढे बसवलं. "भाकर थापी देखा."

या वयात? म्हटलं, तू आहेस ना.

"माले ताप उना, तर उपाशी ऱ्हाशात का?" परातीत पीठ, पाण्याचा हात कसा फिरवायचा, कडा कशा जपायच्या — सगळं दाखवलं. माझी पहिली भाकर तव्यावर फाटली. दुसरीचा नकाशा झाला. तेव्हा ती हसली. वीरसिंग गेल्यापासून पहिल्यांदा. "देखा, आपला जिल्हा!" तिसरी जरा बरी साधली. तीच तिने खाल्ली.

आषाढ वद्य ९

दुधावर साय धरून राहते. कुणी तोंड लावत नाही. ती रोज सकाळी ओतून टाकते आणि संध्याकाळी पुन्हा वाटी भरते.

आषाढ वद्य १३

कणगीतले जोंधळे काढताना मागे हात गेला आणि कात मिळाली. अख्खी. उजेडात नेली. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग — बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी, षटकोनी, एकाला एक लागलेली.

जामसिंगने ती तळहातावर घेतली. पाठीवरून बोट फिरवलं. मग — "आबा, ही मझारनी रांग देखा. ही कवड्याले नही ऱ्हास."

म्हटलं, पण भिंतीवर मी कवड्याच पाहिला.

"तो बी शे. मण्यार त्याना मागेच येस — साप खास ती. तुमना घरमा दोन शेतस."

आम्ही ओसरीवर बसलो. तो माझ्याकडे न बघता बोलू लागला. त्याचा काका खळ्यात निजला होता. पहाटे पोट धरून उठला. सूज नाही, रक्त नाही. पापण्या उचलेनात, जीभ जड. सगळे पोटदुखीचा काढा करत राहिले. मण्यार चावते ते निजलेल्याला कळतही नाही. मुंगी चावावी तेवढंच.

 त्याने कातेची घडी केली, कोनाड्यात ठेवली. आम्ही दोघंही वीरसिंगचं नाव बोललो नाही.

आषाढ वद्य १४

म्हणजे ती रेघ पुढच्या जन्माची नव्हती. टोपलीचा काठ मोडलेला होता. ज्याने त्याला नेलं तेच जनावर पिठावरून फिरून आपल्या बिळात गेलं. आणि आम्ही हात जोडले.

आणि त्याची आई त्याच जनावराला दूध ठेवते! हे तिला कळलं तर ती कशी जगेल? कळता कामा नये.

आषाढ अमावास्या

एवढंच सांगितलं — "घरात मण्यार आहे. मधल्या घरात निजू नकोस. भिंत खणतो."

ती दचकली नाही. "तो आपल्याले काय करी?"

केवढी श्रद्धा!  कुदळ आणली तर ती कणगीला पाठ लावून बसली. "पंचमी व्हऊ द्या. नागपंचमीना तोंडवर कोन खनस? मंग काय करानं ते करा."

खरं आहे. पंचमी आली की आपण नांगर थांबवतो, विळी-सुरीला हात लावत नाही. मीच आजवर लोकांना हे सांगत आलो. आता माझ्याच तोंडाने नाही कसं म्हणू? पण बाहेर निज म्हटलं तर बाहेरही येईना. शेवटी मीच कंदील घेऊन तिच्या आणि बिळाच्या मध्ये आडवा झालो. माझ्यावर चिडली! लग्नाला तीस वर्षं झाली, असं कधी बोलली नव्हती. "तुम्ही सरका ना आठून! कसाले मझार येतस?"

श्रावण शुद्ध ३

तीन रात्री तसाच पडलो. झोप नाही. डोळा लागला की पोटात कळ आल्यासारखी वाटते आणि मी पापण्या उघडून बघतो — उघडतात का.

मरणाची भीती नाही, असं मी देवापुढे म्हणत असे. खोटं होतं ते.

श्रावण शुद्ध ५

नागपंचमी. सुंदरने भिंतीवर हळद-चंदनाने नाग काढले, लाह्या वाहिल्या. बिळापुढे कपाळ टेकून कितीतरी वेळ तशीच राहिली. काहीतरी मागत होती. ओठ हलत होते. मला वाटलं, लेकराशी बोलते. मी बाहेर आलो. बघवेना.

श्रावण शुद्ध ६

सुंदर नदीवर धुणं घेऊन गेली तशी जामसिंगला हाक मारली.

दोन हात भिंत उकरली. सापडलं. दिवसा मण्यार सुस्त असते — गोळा होऊन पडलेली, मुंडकं वेटोळ्याखाली लपवलेलं. झोपमोड नको म्हणून पोर तोंड लपवतं तसं. काठी माझ्या हातात होती. माझ्या वीरसिंगला जिने नेलं ती समोर होती, आणि माझा हात वर जाईना. देवा, हे तूच घडवलंस ना? मग मी कुणावर उगारू?

"आबा, सरका." जामसिंगने एकाच घावात संपवलं.

काठीने उलगडून पाहिलं. मान कोरी. शेपटीकडे पट्टे, जोडीजोडीने, ठळक.

शिवेबाहेर गोवऱ्या रचून जाळलं. वर तुपाची धार सोडली. भिंत शेणमातीने लिंपून टाकली. सुंदर आली तेव्हा म्हटलं, "गेला निघून. पंचमी घेतली आणि गेला."

तिने ओल्या लिंपणावर हात ठेवला. धुण्याचं गाठोडं तिथेच राहिलं. भिंतीला टेकून बसली. मला बरं वाटलं — तिला तिचा मुलगा सुखाने गेल्यासारखं वाटेल. आपण तिला वाचवलं, असंच मनात आलं.

श्रावण शुद्ध ७

जेवली नाही.

श्रावण शुद्ध ८

आज बोलली. लिंपणाकडे बघत, हळू.

"तळपाय घासताना घोटानाखाले दोन ठिपका दिसनात. काटा रुतना व्हई, समजनू. वाटी त्याच्यावरथून फिरावतच ऱ्हायनू. पिठावर रेघ देखी, तव्हय समजनं." मग म्हणाली, "दूध पोऱ्याकरता नही व्हतं. मी त्या मण्यारनी वाट देखी ऱ्हायंतू. माले बी तठेच लई जावाले. आनि तुम्ही मझार निजनात."

 जामसिंगकडून मांजर परत आणली. चूल पेटवली. तिने शिकवली होती तशी भाकर थापली — दोघांची.