पावणेतीन तासांचं विमान

पांढुर्णा,
२ नोव्हेंबर

प्रिय अपर्णा,

बरी असशील. तिकडे पासीघाटला थंडी पडली असेल, स्वेटर घालत जा. दवाखान्यात रात्रपाळी असली की तू जेवण टाळतेस, ते नको करू. इकडे संत्र्याच्या गाड्या भरणं चालू आहे. कॅरेट उचलून उचलून खांदे पार गेलेत. बाकी मी ठीक.

काल छिंदवाड्याला गेलो होतो. मोहगावचे पाहुणे तुला मागायला येणार होते, त्याआधी तुझ्यापर्यंत पोचायचं एवढंच डोक्यात. मोबाईलवर पाहिलं होतं: छिंदवाडा ते पासीघाट, अठराशेच्या आसपास किलोमीटर, विमानानं पावणेतीन तास. माझ्यासोबत गाड्या भरणाऱ्या राजूला दाखवलं. तो म्हणे, "इतक्या वेळात तर आपली गाडी नागपूरच्या मंडीत खाली होत नाही बे!" मला भरूनच आलं. एवढीच दूर आहे ती! मालकाशी भांडून सुट्टी घेतली, बॅग भरली, निघालो.

तिथे धावपट्टी आहे, खरंच आहे. गेटला कुलूप, कुंपणाशी बकऱ्या. चौकीदार हसायला लागला, "कौन सी फ्लाइट, भैया?" मी त्याच्या नाकासमोर मोबाईल धरला. म्हटलं, "ये क्या झूठ लिखा है?" दुपारभर भांडलो त्याच्याशी. मग त्यानंच पाणी दिलं. पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, अंतर होतं, वेळ होता, विमान कुठंच नव्हतं. कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढून देतात ते. कॉलेजात सरांशी भांडून निघालो होतो, तसाच बॅग उचलून परत आलो.

तू तिकडे बोलावलं नव्हतंस, ठाऊक आहे. तू एवढंच म्हटलं होतंस, "पाहुणे यायच्या आधी बाबूजींशी बोल. पूल तर ओलांडायचा आहे, गौरव."

आमच्या गच्चीवरून जाम नदीपलीकडे तुमचं सावरगावचं घर दिसतं. यंदा पोळ्याच्या गोटमारीत दोन्ही काठांवरून दगड येत असताना मी मधल्या झेंड्यासाठी नदीत उतरलो, तुमच्याकडचा गोटा लागून कपाळ फुटलं, तरी हटलो नाही. पण तुमच्या ओसरीवर बसून 'काय करतो?' याचं उत्तर देणं... त्यापेक्षा मला पासीघाट जवळ वाटलं.

आज पूल ओलांडून तुमच्याकडे गेलो. बाबूजी संत्रं सोलून राहिले होते.

"ये पांढुर्णेवाल्या. कपाळ भरलं का?"

"भरलं."

"काय करून राहिला आजकाल?"

"कॉलेज सोडलं. गाड्या भरतो."

त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "मंग कामाची काय लाज? काल आला असता तर बसून बोललो असतो बाबू. मोहगाववाले काल सुपारी फोडून गेले. अप्पूनं फोनवर दुपारभर थांबवलं आम्हाले. कोणी आलं का, कोणी आलं का, हेच विचारे. संध्याकाळी म्हणे, हो म्हणून टाका."

दुपारभर. मी तेव्हा त्या कुंपणापाशी होतो.

राग आला नाही. पहिल्यांदाच नाही आला. नुसता थकलोय. संत्रं खाल्लं नाही, खिशात तसंच आहे, शर्टाला डाग पडला. पूल ओलांडून घरी आलो. पोचलोही लगेच.

जेवत जा. स्वेटर घालत जा.

नदीच्या याच काठाचा,
गौरव