तळीचा पाचवा हात

मुक्काम: आत्ता उजव्या हाताला गोवा असावं. पाकीट चिकटवेपर्यंत बदलेल.

तीर्थस्वरूप उमाशंकर काकांच्या चरणी मयुरेशचा डोलत-डोलत साष्टांग नमस्कार. (डोलतोय तो भक्तीने नाही, जहाज डोलतंय.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊ सांगत होता की देवळाच्या पायऱ्या आता तुम्ही तिरप्या चढता आणि सरळ चढणाऱ्यांना नावं ठेवता, म्हणजे तब्येत ठीकच असणार. काकूंच्या डोळ्याचं काय झालं तेही कळवा. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त वांगं सुटत नाही. त्याचा खुलासा पुढे येतो. कागदावर पत्र पाहून पोरगं सुधारलं असं समजू नका, त्यालाही कारण आहे. आणि मराठीत चुका निघाल्या तर लक्षात ठेवा, शाळेत मी नववीपर्यंत हिंदीच शिकलो. मराठी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत धारला तुम्हीच शिकवलीत, तेव्हा अर्ध्या चुका तुमच्या.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण आईला वाटतं मी जहाज चालवतो (तिने कॉलनीत तसं सांगूनही टाकलंय, आता मागे कसं घेणार) आणि भाऊला वाटतं मी जहाज धुतो. मी एक डबा सांभाळतो. पोळ्यांच्या डब्याएवढा आहे, वरून तारा निघतात. जहाजावरच्या सगळ्यांचे फोन त्या डब्याला जोडलेले. किनारा जवळ असला की डबा किनाऱ्यावरचे टॉवर पकडतो, एक सुटला की दुसरा. खोल समुद्रात गेलो की सॅटेलाइट पकडतो. खाली फोनवर बोलणाऱ्याला ह्यातलं काही कळत नाही, तो आपला बायकोशी भांडत असतो. आमच्या कोचीच्या ऑफिसातल्या मनन साहेबांनी हे मला फळ्यावर बाण काढून समजावलं, ते डोक्यावरून गेलं. मग विद्युल्लता आत्याची नर्मदा परिक्रमा आठवली आणि सगळा उजेड पडला. आत्या नेमावरहून निघाली तेव्हा बरोबर बायकांची टोळी होती आणि सगळ्यांची पत्रं धारला तुमच्या पत्त्यावर यायची. मुक्काम बदलला की आत्या तुम्हाला निरोप धाडायची, आता अमक्या धर्मशाळेत आहोत, आणि तुम्ही पत्रांवर नवा पत्ता चढवून पुढे रवाना करायचात. पत्र लिहिणाऱ्याला वाटे बाई धारलाच बसलीय. बाकीच्या बायकांना निरोपाची कटकटच नाही, सगळ्यांच्या वतीने एकटी आत्या. तर आमचा डबा म्हणजे आत्या, खलाशांचे फोन म्हणजे त्या बायका आणि कोचीचं ऑफिस म्हणजे तुम्ही. फरक इतकाच की कोचीत कुणी कुणाचं उघडून वाचत नाही (असं साहेब म्हणतात) आणि तुम्ही वाचायचात (असं आत्या म्हणते).

जहाजावर मी हौसेने आलेलो नाही. पहिला डबा मी देवासहून सोनकच्छवरून भोपाळला जाणाऱ्या एका बसमध्ये बसवला होता. मालकाची इच्छा होती की प्रवाशांचं नेट वाटेत कुठेही तुटू नये. तुटलं नाही. पहिल्याच फेरीत जोडणी इतकी पक्की निघाली की सोनकच्छ आलं, कंडक्टर ओरडून दमला आणि सोनकच्छवाल्यांनी फोनमधून मान वर केली ती आष्ट्याला. त्यातला एक जण मंडीत गहू विकायला निघाला होता. त्याची पोती क्लीनरने टपावरून सोनकच्छला उतरवली आणि तो स्वतः आष्ट्याला उतरला. मला म्हणाला, "भिया, पैले नेट नी चलता था तो आदमी खिड़की से बाहर तो देखता था." मालकाने डबा काढून माझ्या हातात दिला. साहेबांनी विचार केला की प्रवाशांचं उतरायचं ठिकाण चुकणारच नाही अशी जागा कोणती, आणि मला सिमेंटची पोती वाहणाऱ्या जहाजावर चढवलं.

आता मूळ गोष्ट. चंपाषष्ठीला मला देवासला यायचं होतं. आपल्याकडे खंडोबाच्या तळीचं ताट उचलायला पाच पुरुषांचे हात लागतात हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि बाबा गेल्यावर नियम तुम्हीच घालून दिलात, की घरचा मुलगा हयात असताना त्याची जागा परक्याने भरायची नाही. म्हणजे भाऊ, चुलतभाऊ नीलेश, कॉलनीतले भगवंतराव आणि त्यांचे व्याही (ह्या दोघांचंही कुलदैवत खंडोबाच) आणि पाचवा मी. शिवाय आषाढीपासून वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशीच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानेच सुटतं, म्हणजे पुन्हा खाता येतं. ते व्रत मी इथेही पाळलं. आमच्या स्वयंपाक्याला इथे भंडारी म्हणतात. त्याने कुठल्याशा बंदरात वांगी स्वस्त मिळाली म्हणून पोती भरून घेतली, आणि एक दिवसाआड तीच वांगी वेगवेगळ्या नावांनी ताटात येतात. मी वांगी बाजूला सारून रस्सा खात आलोय. (रस्साही वांग्याचाच, असं तुम्ही म्हणाल. ते तुमचं आणि देवाचं, मला मध्ये घेऊ नका.)

साहेबांकडे सुट्टी मागितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तिथे तुझं नेमकं काय लागतं? मी म्हटलं, हजेरी लागते. इथे चुकलो. साहेब म्हणाले, हजेरीच लागते तर आपला डबा कशासाठी आहे? मग अट घातली: व्हिडिओ कॉलवर तळी करायची, मध्येच जोडणी तुटली तर पुढच्या बंदरावरून ताबडतोब घरी जा, आणि नाही तुटली तर सुट्टीचा विषय संपला. म्हणजे काका, ज्या जोडणीचा पगार खातो ती तुटावी म्हणून मी देवाला नवस बोलायचा बाकी राहिलो होतो. मला भरवसा तुमचा होता, की तुम्ही असल्या तळीला मुळी परवानगीच देणार नाही. भाऊने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही सांगितलंत, आवाज पोहोचला म्हणजे माणूस पोहोचला. भाऊने ते वाक्य सगळ्या कॉलनीला ऐकवलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. (ह्या ओळीत पेन जरा जास्त टेकलंय, तेवढं सोडून.)

तळीला फोन कुणाचा, तर शैला वहिनीचा, कारण घरात त्याचाच कॅमेरा धड आहे. त्यावर भगवंतरावांनी शंका काढली की बाईमाणसाचा फोन पुरुषांत मोजता येतो का. चर्चा लांबली. शेवटी आई म्हणाली, "फोन कुणाचा का असेना, आत पोरगा माझाय." मग पाटावर तळी मांडली. नीलेशने एक हात स्वतःचा लावला आणि दुसऱ्या हाताने मला, म्हणजे फोनला, ताटाच्या कडेला टेकवून धरलं. आईने सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावला, तसा मलाही लावला. फोनचं कपाळ म्हणजे कॅमेराच. त्यामुळे पुढचा सगळा सोहळा मी पिवळाजर्द पाहिला. जेजुरी अजून पाहिलेली नाही, पण तिच्यात बुडून आलो म्हणायला हरकत नाही.

जहाज तेव्हा सॅटेलाइटवर होतं. माझा आवाज आधी आभाळात जाणार, तिथून कोचीला उतरणार, मग देवासला. तिकडे त्यांनी तळी उचलली, "सदानंदाचा येळकोट" म्हटलं, खाली ठेवली, आणि मग फोनमधून माझा येळकोट आला. आपल्यात पाचांचा एक सूर लागतो. आई म्हणाली, मयुरेश मागे राहिला, पुन्हा उचला. पुन्हा उचलली, पुन्हा मी मागे. भगवंतरावांचा खांदा दुखायला लागला. मग मी अक्कल चालवली आणि त्यांच्या आधीच म्हणायला सुरुवात केली. अगदी बरोबर जमायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच जहाज किनाऱ्याकडे वळलं. डब्याने सॅटेलाइट सोडून टॉवर पकडला, तोही गुपचूप, कारण कुणाला न कळू देणं हीच त्याची करामत. आवाज झटकन पोहोचायला लागला आणि ताट पाटावर असतानाच माझा येळकोट होऊन गेला. आई म्हणाली, आता पुढे गेला, समुद्रावर जाऊन पोराला धीर राहिला नाही. भाऊ वैतागला, "अरे भिया, तू एका जागी रहा ना." मी म्हटलं, मी एकाच जागी आहे, जागा हलतेय. तेवढ्यात वहिनीच्या बहिणीचा सरदारपूरहून फोन आला, नीलेशच्या अंगठ्याने तो उचलला गेला आणि थोडा वेळ तळीचा पाचवा पुरुष ती होती. तिने गॅसचा नंबर लागला का म्हणून विचारलंही. मला वाटलं सुटलो, तुटली जोडणी. पण साहेबांनी नंतर निकाल दिला की डबा चालूच होता, मध्ये आलं ते सरदारपूर, त्याला कंपनी जबाबदार नाही.

कॉल परत माझ्याकडे आला तेव्हा माझा हात डब्याच्या तारेवर होता, हे फक्त तुम्हाला सांगतो. एक झटका, की मी देवासच्या गाडीत. कुणाला संशयही आला नसता, समुद्रच तो. पण पिवळ्या पडद्यातून आई दिसत होती. डोळे मिटून, हात जोडून फोनसमोर उभी होती, आणि देव आपल्या पाठीमागे राहिलाय हे तिच्या लक्षातच नव्हतं. मी तारेवरचा हात काढला आणि तो कपाळाला लावला. त्या वेळेला सगळ्यांचा सूर एक लागला.

मग नैवेद्य झाला. माझं ताट फोनसमोर मांडलं, भरीत, रोडगा, वर लोण्याचा गोळा. आई म्हणाली जेव, मी म्हटलं जेवलो, आणि ते नीलेशने खाल्लं. साहेब फार खूश झाले. समुद्रातून धर्मकार्य होतं आणि एक क्षणही तुटत नाही, असं आता गिऱ्हाइकांना सांगतात. मला म्हणाले, तुझ्या सुट्टीचा प्रश्न कायमचा मिटला, आता दिवाळी इथूनच कर, उद्या लग्न ठरलं तरी काळजी नको. माझ्या कामाची इतकी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. अजून थोडी झाली तर घर कुठल्या गल्लीत होतं ते विचारावं लागेल.

काकूंना नमस्कार, आत्याला नमस्कार (ह्या पत्रातलं तिचं वाक्य तिला वाचून दाखवू नका).

आपला, सध्या फोनात राहणारा,
मयुरेश

ता. क. काका, एक छोटं काम होतं. ते आवाजाचं आणि माणसाचं वाक्य तुम्ही मागे घ्या. साहेबांच्या नावे धारहून चार ओळी लिहा, की शास्त्रार्थ नीट पाहता आवाज पोहोचला तरी हात पोहोचत नाही, तळी हाताने उचलायची असते, सबब चैत्री पौर्णिमेला ती पुन्हा करावी लागेल आणि मुलगा देहासकट हजर पाहिजे. साहेब त्यांच्या आजीला घाबरतात आणि आजी कुलदेवतेला, तेव्हा कुलदेवतेचं नाव दोनदा घाला.

ता. क. २. हे फोनवर सांगू शकलो नाही, कारण डब्यातून जाणारं सगळं कोचीवरून जातं. उत्तर मात्र कोचीच्याच पत्त्यावर टाका, मी कुठेही असलो तरी ते पोहोचवतात. तुम्हाला मला वेगळं काही लिहायचं असेल तर पाकीट नीट चिकटवा. साहेब तुमच्यासारखे निघाले तर?

ता. क. ३. आईला मात्र ह्यातलं काही कळू देऊ नका. तळीत खोट राहिली असं ऐकलं तर ती वर्षभर स्वतःलाच दोष देत बसेल. तिला सांगा की तळी उत्तम झाली, देवाला पोहोचली, चैत्रातली ही निराळी, जास्तीची. म्हणजे निकाल दोन लागतील, कोचीला एक आणि देवासला एक. पत्रं योग्य पत्त्यावर धाडण्यात तुमचा हातखंडा आहेच.

ता. क. ४. आत्ता भंडारी ताट घेऊन आला. वांगीच आहेत. म्हणाला, व्रत अजून का सोडत नाहीस, तुझ्या घरी पूजा झाली, मी मागे उभा राहून पाहिली ना. मी म्हटलं, पूजा झाली, पण भरीत नीलेशने खाल्लं. त्याने पळीने वांगी बाजूला केली आणि मला नुसता रस्सा वाढला.