बदामाखालचा डेरा

आत्याबाई,

दंडवत लिहिला तर तुम्ही रागवाल. म्हणून आधी जयभीम.

तुम्हाला जाऊन चौथं वर्ष लागलं. एवढ्या दिवसांत सुनेला एक ओळ लिहावी वाटली नाही, अन् आजच कामून लिहायला बसली, असं म्हणाल. काल जे घडलं त्यानं बसवलं. पोरीच्या वहीचं पान फाडलंय. दुसरी शिकलेली बाई मी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला धड लिहिता येत नाही. बरोबरी झाली!

तुमच्या लेकाची बदली गंगाखेडला झाली. आठ दिवस झाले इथं येऊन. काल सकाळी मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडच्या बाईनं मान वर काढली.

"नव्या आलाव व्हय? कुन्या गावच्या?"

"राणीसावरगावच्या."

"अगं बया, माझं माहेर तिकडंच हाय की! राणीसावरगावात कुनाच्या?"

"सावरगावकर."

"ते गावाचं नाव झालं, बाई. तुमी कुनाच्या, ते इचारलं मी."

मी म्हणाले, दूध उतू चाललंय, अन् आत पळाले. स्टोव्हवर दूध नव्हतंच, आत्याबाई. स्टोव्ह पेटवलेलाही नव्हता. आत आले तर समोर कोपऱ्यात तुमचा पाण्याचा डेरा, पालथा घातलेला. त्याच्याकडं बघितलं अन् कळलं. पुन्हा तेच केलं मी!

तो डेरा तुम्ही आणला होता तो दिवस मला लख्ख आठवतो. दुष्काळाचं साल. वस्तीची विहीर आटली म्हणून तुमचा लेक तुम्हाला समुद्राकाठी आमच्याकडं घेऊन आला. स्टेशनापासून रिक्षातून उतरलात ते मांडीवर एवढं मोठं गाठोडं घेऊन. मला वाटलं ज्वारी असेल. वाकळ सोडली तर आत मातीचा डेरा! गंगाखेडपासून मुंबईपर्यंत रेल्वेत मांडीवर धरून बसला होतात.

"आत्याबाई, इथं काय भांडी मिळत नाहीत?"

"पानी न्हाई म्हून भांडं टाकून येऊ व्हय?"

मी वाकळेची घडी घालायला लागले.

आम्ही राहायचो ती कॉलनी मला लय आवडायची, हे खरं सांगते. बारा बैठी घरं, मधून वाळूचा रस्ता, कडेनं सुरूची झाडं. माणसं कचेरीतून आली की लुंगी लावून व्हरांड्यात आरामखुर्चीत पडायची. दुपारी सगळी आळी झोपायची, कुत्रीसुद्धा. दारं उघडी, कुणाला कसली घाई नाही. अन् कुणी काही विचारत नव्हतं. मला तेच गोड लागलं. आमचं खरं आडनाव साळवे सांगितलं तेव्हा दोन जागी घर 'आत्ताच गेलं' होतं. तिसऱ्या जागी तुमच्या लेकानं सावरगावकर सांगितलं अन् किल्ली हातात पडली. मग बुद्धाचा फोटो माझ्या लुगड्यांमागं कपाटात गेला. तुमच्या लेकाचं मी इथं काही लिहीत नाही. त्याची शरम त्यानं बघावी, माझी मला पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला समुद्र दाखवला. तुम्ही ओंजळ भरून तोंडाला लावली अन् थू करून थुंकलात. "येवढं पानी, अन् समदं नासलंय!" तिथं फिरायला आलेले लोक हसले. मी चार पावलं लांब सरकले. तुमच्या ध्यानात आलं होतं का ते? आलंच असणार.

पण गोड पाण्याची विहीर कॉलनीत होती, मधोमध, रहाटाची. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हंडा घेऊन गेलात अन् बराच वेळ झाला तरी आला नाहीत. मी बघायला निघाले. तुम्ही विहिरीपासून दहा पावलं लांब उभ्या होतात. हंडा जमिनीवर, पदर डोक्यावर, नजर खाली. रहाटाला कुणीच नव्हतं. दोर तसाच लोंबत होता. तरी तुम्ही कुणीतरी येऊन पाणी घालायची वाट बघत उभ्या होतात, गावात वरच्या लोकांच्या विहिरीवर उभ्या राहायच्या तशा!

तेवढ्यात शेजारच्या माई आल्या. त्यांनी पोहरा काढला अन् म्हणाल्या, "आजी, अशा लांब का उभ्या? या ना, ओतते."

"तितूनच उंचावरून वाढा, बाई. हंडा शिवंल."

मी पळत गेले, तुमचा हात धरला अन् माईंना सांगितलं, "आमच्या आत्याबाईंना सोवळं-ओवळं फार आहे हो. दुसऱ्याचं भांडं लागलेलं चालत नाही त्यांना."

माई म्हणाल्या, "हो का? बरं बरं."

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "सोवळं म्हंजी काय केलंस गं माझं?" मी सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात, इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. "जिंदगीभर लोकांनी माज्यापासून सोवळं पाळलं, अन् तू मलाच सोवळ्यात बशिवलीस व्हय गं, चंद्रभागे!" मग हसायच्या थांबलात.

मी तेव्हाच पाय धरायला पाहिजे होते. मी भाजी चिरत बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही तडक विहिरीवर गेलात अन् स्वतः रहाट ओढलात. एक हंडा, दोन हंडे, तीन हंडे. मी म्हटलं, एवढं पाणी कशाला? तुम्ही डेरा फाटकापाशी बदामाच्या झाडाखाली वाळूत रोवला, काठोकाठ भरला अन् लोटा उपडा ठेवून शेजारी बसलात.

दुपारी कोळणी त्याच रस्त्यानं जायच्या, समुद्रावरून बाजाराकडं, डोक्यावर पाट्या घेऊन. त्यांतली पारू थांबली. "आजी, पाणी दे गो." हे सगळं मी खिडकीतून बघत होते, आत्याबाई. तुम्ही लोटा उचललात अन् तसाच धरून ठेवलात. काहीतरी बोललात. पारू मोठ्यानं हसली अन् तिनं ओंजळ पुढं केली. तुम्ही पाणी ओतत होतात. तिच्या कोपरांवरून ओघळ वाळूत पडत होते.

तुम्ही पळत आत आलात. त्या वयात पळत!

"प्याली गं! मागून प्याली!"

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"खरं ते सांगितलं. आमी कोन हाव ते. म्हनलं बाई, आदी इचार कर अन् मग पी."

"मग?"

"मग ती म्हनली, आजी, मला तहान लागलीय, तुझ्याशी सोयरीक नाय करायची!"

तुमचं तोंड तसं उजळलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. अन् मी काय विचार केला? की आता ही बातमी आठ दिवसांत बारा घरांत जाणार.

चार दिवसांत सहा-सात कोळणी बदामाखाली टेकायला लागल्या. तुम्ही त्यांना दुष्काळाचं सांगायच्या, त्या तुम्हाला वादळाचं. दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्याच फाटकापाशी तेवढी माणसं जागी. पाचव्या दिवशी तुम्ही विहिरीवर गेल्यावर मी डेरा उपसला, वाळूत पाणी ओतून दिलं अन् मागच्या मोरीपाशी नेऊन ठेवला. तुम्ही भरलेला हंडा घेऊन आलात अन् रिकाम्या खड्ड्यापाशी उभ्या राहिलात.

"डेरा कुठंय?"

"माईंनी तक्रार केली. मासळीचा वास येतो म्हणाल्या."

माई तसं काही बोलल्या नव्हत्या. एक अक्षर नाही. त्या बाईच्या नावावर मी माझी भीती खपवली.

अन् एवढ्यावर भागलं नाही. तुम्ही पुन्हा डेरा पुढं आणाल म्हणून मी तुमच्या डोळ्यांदेखत त्यात शेगडीचे कोळसे भरले. पाण्याच्या भांड्यात कोळसे!

तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. भांडला का नाहीत? चिमूटभर मिठावरून माझी सात पिढ्यांची उणीदुणी काढणारी बाई तुम्ही! त्या दिवशी झिंज्या धरून मला ओढली असतीत तर मी तुमची आयुष्यभर उतराई झाले असते. तुम्ही गप्प बसलात, याचा मला अजून राग येतो. हा राग खरा कुणावर आहे, तेही कळतं.

आठवड्यात तुम्ही गावी परतलात, त्याच दुष्काळात. डेरा मागितला नाहीत. पुढल्या साली तुम्ही गेल्याची तार आली, आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. वस्तीतल्या बाया माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "म्हातारी लय सांगायची तुमच्या तिकडचं. समिंदराकाठच्या बाया रांग लावून माज्या हातचं पानी प्यायच्या म्हनायची. सूनबाईनं गेटापाशी जागा करून दिली म्हनायची."

जागा करून दिली! असं का सांगितलंत, आत्याबाई? खरं सांगायचं होतं. त्या दिवशी वस्तीनं माझ्या तोंडावर थुंकायला पाहिजे होतं, अन् त्या मला चहा देत होत्या.

अजून एक ऐका. बदलीचं सामान ट्रकात भरताना माई आल्या. डेऱ्याकडं बघून म्हणाल्या, "आजींचा ना? आजींचं सोवळं मला त्याच दिवशी विहिरीवर कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." मी सामानाची दोरी आवळत राहिले. पण लगेच हेही आठवलं की तेवढ्या वर्षांत माईंनी आमच्याकडं कधी चहा घेतला नाही, पित्त होतं म्हणायच्या. खरंच पित्त होतं का? मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी वाट बघितली अन् मी लपले, एवढंच मला ठाऊक आहे.

डेरा मी मात्र ट्रकात टाकला नाही. तुमच्यासारखा मांडीवर घेऊन आले. पण आल्यापासून पालथा घालून ठेवला होता. कालपर्यंत.

काल दुपारी तो घासायला घेतला. राखेनं घासला, नारळाच्या काथ्यानं घासला. तीनदा भरून ओतला. पहिलं पाणी काळं आलं, दुसरं करडं, तिसरं चांगलं आलं. तरी आत तोंड घातलं की कोळशाचा वास येतोच. येऊ दे. तो माझा आहे.

आत्याबाई, उद्या सकाळी हा डेरा भरून दारात ठेवणार आहे. आत नाही, मोरीपाशी नाही, रस्त्यावरून दिसेल असा. भिंतीपलीकडच्या बाईला मी स्वतःहून हाक मारणार, अन् राणीसावरगावात आम्ही कुणाचे ते सांगणार. जो पाणी मागेल त्याला आधी नाव सांगीन, मग लोटा उचलीन. तुम्ही केलं तसंच. ज्याला प्यायचं तो पिईल, ज्याला नाही तो जाईल. फाटकापाशी जागा करून दिली असं तुम्ही माझं खोटंच सांगत होतात ना? ते आता मी खरं करते.

हे पत्र संपलं की तुमच्या लेकाची दारावरची 'सावरगावकर' पाटी काढणार आहे. तो कचेरीतून येऊन ओरडला तर ओरडू दे. तुमचंच नाव पुढं करीन.

तुमची सून,
चंद्रभागा दगडू साळवे,
बौद्धवाडा, राणीसावरगाव