गणिताचा पेपर सुटण्याआधी

सहकारनगर, पुणे
११ फेब्रुवारी २००१

चि. प्रियदर्शनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. प्रकृती उत्तम असावी. येथे सर्व ठीक आहे. शेजारच्या आप्पासाहेबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दोन दिवस मी त्यांच्याबरोबर होतो. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी बसवलेल्या माणसाकडे वेळ असतो, एवढे एक बरे. त्यांनी तुझी चौकशी केली. "लोणी काळभोरचं हॉस्टेल काय अमेरिकेत आहे का हो? पोरगी दिवाळीनंतर फिरकली नाही," असे म्हणाले.

आईच्या वर्षश्राद्धाला येणार नाही, असे तू लिहिले आहेस. कारण लिहिलेले नाही. मात्र सोबत तुमच्या महाविद्यालयाचा वार्षिक अंक पाठवला आहेस. त्यातील 'बारावीचे घर' हा तुझा लेख मी तीन वेळा वाचला. भाषा स्वच्छ आहे. मुद्रणदोष चार आढळले, ते तुझे नसावेत. केबल काढून टाकलेली घरे, वर्षभर पाहुण्यांना बंदी, नापास झाला म्हणून सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला न नेलेला तुझ्या खोलीतील भाग्यश्रीचा भाऊ, हे सर्व तू संयमाने लिहिले आहेस. संगणकाच्या नोकरीसाठी मुले वाढवणाऱ्या शहराविषयी तू जे म्हणतेस, त्यावर मला आक्षेप घेता येत नाही.

शेवटच्या परिच्छेदाविषयी मात्र लिहिणे भाग आहे. तू लिहितेस : "शेवटच्या दिवशी माझ्या आईला मी नको होते, माझा पेपर हवा होता. पेपर बुडवू नकोस, हा तिचा माझ्यासाठी शेवटचा निरोप. मला गणितात सत्त्याण्णव मिळाले. आई गेली त्याचे मला रडू आले नाही, याची लाज आता वाटेनाशी झाली आहे."

यातील एक तपशील चुकीचा आहे. चूक तुझी नाही.

तो निरोप तुझ्या आईचा नव्हता. तो मी तयार केला.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या आईला धाप लागली म्हणून रुग्णालयात नेले, हे तुला माहीत आहे. सकाळी साडेआठला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले आणि म्हणाले, "जवळच्यांना बोलावून घ्या. आजचा दिवस सांगता येत नाही." तेथून मी घरी फोन केला. तू उचललास. मी तुला सांगितले की आई बरी आहे, तू वेळेवर नीघ.

ती शुद्धीवर होती. नाकावरची नळी बाजूला करून म्हणाली, "अहो, प्रियाला आणा."

"पेपर झाला की आणतो," मी म्हणालो.

"कितीला सुटतो?"

"दोनला."

"एवढं नाही होणार. तिला आत्ताच आणा ना. मी काही बोलणार नाही, नुसतं बघते."

मी तिची नळी नीट केली आणि झोप म्हणालो.

साडेअकराला आप्पासाहेब आले. बाहेरच्या बाकावर मी त्यांना डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. ते लगेच स्कूटरची किल्ली काढून उभे राहिले. "दहा मिनिटांत घेऊन येतो तिला."

"वर्ष जाईल तिचं," मी म्हणालो.

"अहो, ऑक्टोबरला बसेल की परत."

"ऑक्टोबरच्या मार्कांवर संगणकाला प्रवेश मिळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, ते पाहणे मी विसरलेलो नाही. "रंगनाथराव, वडील तुम्ही आहात," एवढे म्हणून ते खाली बसले. त्यांनीही पुढे कधी तोंड उघडले नाही. त्यांना दोष देऊ नकोस.

त्यानंतर तिने दोनदा विचारले. एकदा मला, एकदा नर्सला. एक वाजून दहा मिनिटांनी ती गेली. तू तेव्हा केंद्रावर, दहा मिनिटांच्या अंतरावर, गणित सोडवत होतीस.

अडीच वाजता तू रुग्णालयाचा जिना चढून आलीस आणि पहिला प्रश्न विचारलास : "तिनं मला का नाही बोलावलं?" त्या क्षणी खरे सांगण्याइतके बळ माझ्यात नव्हते. मी म्हणालो, "पेपर बुडू नये, असं तिचंच म्हणणं होतं." मृत माणूस खोडून काढणार नाही, याची मला खात्री होती. हे वाक्य सुचायला मला एक क्षणही लागला नाही, याची आज सर्वांत अधिक भीती वाटते.

पुढे ते सुधारता आले असते. दिवाळीत तू तिच्या फोटोकडे पाठ करून जेवायला बसलीस, तेव्हा कारण मला कळत होते. मी तुला वरण वाढले आणि सत्र परीक्षेची तारीख विचारली.

पन्नाशीत घरी बसावे लागले, ती वेळ तुझ्यावर येऊ नये असे मला वाटत होते. हे कारण आहे, समर्थन नाही. त्या सकाळी तुम्हा दोघींच्या वतीने मी ठरवले. तिचे हिरावलेले परत करता येत नाही. तुझेही येत नाही, हे जाणतो. अकरा महिने तू आईवर धरलेला राग तिच्या वाट्याचा नव्हता, एवढेच आता लिहून देऊ शकतो. लेख पुन्हा कोठे छापला जाणार असेल, तर हे त्यात माझ्या नावानिशी घालावे. माझी हरकत नाही.

तिथी सव्वीस तारखेला आहे. माझे विधी मी आळंदीला जाऊन करीन. पहाटे निघेन आणि सत्तावीसला दुपारनंतर परतेन. घराची किल्ली आप्पासाहेबांकडे ठेवली आहे. तुला माझे तोंड न पाहता तिच्याजवळ बसता येईल.

उत्तराची अपेक्षा करण्याचा अधिकार मला नाही.

रंगनाथ