पुढची सीट

५ मार्च

प्लास्टर निघालं! आतून जो हात बाहेर आला तो माझाच आहे यावर विश्वास बसेना. काडीसारखा बारीक, पांढराफटक, आणि मनगटावर टाक्यांची लांब रेघ. आत धातूची पट्टी आहे, ती आता जन्माची सोबतीण. डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा." वळली! म्हणजे अर्धी वळली, पण मी असा काही आरडाओरडा केला की बाहेर बाकावर बसलेला नवरा धावत आत आला. त्याला वाटलं, पुन्हा काहीतरी तुटलं.

"सायकलवर कधी बसू?" मी विचारलं. डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे.

६ मार्च

डाव्या हातावर पडले, म्हणून निदान लिहिता तरी येतंय. पडण्याबद्दल मात्र इतके दिवस लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

तळ्याकडचा रस्ता, वळणावर खडी सांडलेली. आमची जोडसायकल घसरली — लांबलचक, दोन सीटची. पुढे मी, मागे भाऊजी. पुढच्याने हँडल आणि ब्रेक सांभाळायचे, मागच्याने नुसते पाय मारायचे. भाऊजींना जन्मापासून दिसत नाही. बेकरीत पीठ मळतात, माणूस दरवाजाएवढा, आणि नवरा अजून धाकट्या भावाला 'छोटू'च म्हणतो! चढावर ते असे पाय मारतात की मला फक्त रस्ता दाखवायचं काम उरतं. पडलो तेव्हा त्यांचा गुडघा तेवढा खरचटला. रस्त्यावर आडवे पडूनच म्हणाले, "वहिनी, पडताना काय ओरडायचं ते आपलं ठरलंच नव्हतं!" मी खो खो हसले. मग माझा हात पाहिला आणि हसू थांबलं.

तर मला पुन्हा पुढच्या सीटवर बसायचंय. बस्स! भांडी, वेणी, बटणं जमतील तेव्हा जमतील. माझ्याशिवाय भाऊजींची सायकल भिंतीला टेकून राहणार, आणि त्यांचं घर ते बेकरी, बेकरी ते घर. हे मला चालणार नाही.

९ मार्च

हाताचे व्यायाम सुरू. शिकवणारी बाई गोड बोलते आणि जीव काढते. "दुखतंय? छान, छान!" हे कसलं छान? दाबायला एक मऊ गोळा दिलाय. भाऊजींनी तो हातात घेतला, नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं. "शी! प्लॅस्टिक. मी देतो तुम्हाला खरी वस्तू."

संध्याकाळी बेकरीतून कणकेचा गोळा आणला! रोज एक आणणार म्हणे. मी मळायचा, दाबायचा, पिळायचा. आजचा गोळा मळून झाल्यावर घरच्या ओव्हनमध्ये टाकला. दगड झाला. नवऱ्याने निमूटपणे खाल्ला. चेहरा असा, की उपचार त्याच्यावरच चालू आहेत.

१४ मार्च

डाव्या हाताने बटण लावलं! नवऱ्याच्या शर्टाचं, आणि चुकीच्या काजात, पण लावलं!!

१९ मार्च

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा कामावर. केवढं बरं वाटलं! पण एक अडचण. शिकणारा चुकला की मी झडप घालून स्टिअरिंग ओढून घ्यायचे, आता तशी सोय नाही. हात मांडीवर ठेवून नुसतं तोंड चालवायचं. आज एक आजोबा होते, गेल्या वर्षापासून गाडी मागे घेताना दर वेळी खांबाला भेटून येतात. मी हळू आवाजात सांगत गेले — थोडं उजवीकडे, आणखी, आता सोडा. गाडी रेघेत! आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही हिसकावून घेत नाही तेव्हा मला येतं की!"

म्हणजे इतकी वर्षं मीच मध्ये येत होते? असो. आजोबांनी पेढ्यासारखा चेहरा करून हात हलवला, तेवढं पुरे.

२४ मार्च

गुपचूप मागच्या खोलीत गेले आणि सायकलवर बसले. पुढे! हँडल धरलं, ब्रेक दाबला. अर्धा दाबला गेला. अर्धा म्हणजे अर्धं काम झालंच की! उतरते तर दारात भाऊजी. "ब्रेक कुरकुरला. तेल घाला," एवढंच बोलून गेले. आधीचे भाऊजी असते तर दहा टोमणे मारले असते.

नवरा म्हणतो, "छोटूच्या मनात भीती बसलीय. तू विषय काढू नकोस." मला नाही पटत. पण मग ते बोलत का नाहीत?

२ एप्रिल

नाही म्हणाले. डॉक्टर. मूठ यापुढे फारशी सुधारणार नाही. "दोन माणसांचं ओझं या मनगटावर टाकायचं नाही."

मी म्हटलं, दोन्ही ब्रेक उजवीकडे घेऊ! ते म्हणाले, आणि खड्ड्याचा धक्का कोण खाणार? पट्टी हलली तर पुन्हा ऑपरेशन. मी विचारलं, "कधीच नाही?" ते म्हणाले, "पुढे बसून कधीच नाही." गाडीत ढसाढसा रडले. नवरा बिचारा एका हाताने गाडी चालवत होता, दुसऱ्याने माझी पाठ थोपटत होता. मी रडता रडता त्याला म्हटलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव.

भाऊजींना मीच सांगणार. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

३ एप्रिल

सांगितलं. "बरं," म्हणाले. मग, "बघू."

बघू काय? कपाळ!

७ एप्रिल

शीळ घालत आले! मी चकितच झाले.

"वहिनी, पुढे बसणारा मिळाला."

"कोण?"

"आमच्या बेकरीतलाच. धांदरट आहे जरा. पुढून सायकल कधी चालवलेली नाही. पण अंगात रग आहे, आणि सांगितलेलं ऐकतो. तुम्ही शिकवाल ना? रविवारी तुमच्या स्कूलचं मैदान रिकामंच असतं."

"हो! आनंदाने!" मी म्हटलं. आवाज माझा मलाच चिनी मातीच्या कपासारखा वाटला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला! सरळ लिहिते, इथे कोण बघतंय: मी जळले. माझ्या सीटवर कुणी धांदरट बसणार, आणि त्याला शिकवणार कोण, तर मी! चार दिवस नाही झाले आणि यांना दुसरा मिळालासुद्धा! नवऱ्याला सांगितलं तर त्याने चक्क टाळी वाजवली. "झालं, सुटलीस!" सुटले म्हणे. जेवताना त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

८ एप्रिल

रात्र गेली तसा राग उतरला. भाऊजी इतक्या दिवसांनी शीळ घालतायत, ती मी का बंद पाडू? शिकवेन. असं शिकवेन की त्या धांदरटाला झोपेतही वळण चुकता येणार नाही.

११ एप्रिल

सायकल धुतली, साखळीला तेल, ब्रेक घट्ट, चाकांत हवा. पंप नवऱ्याने मारला, त्या दिवशी जेवताना बोलले नव्हते म्हणून तो अजून फार मदतीचा आहे. उद्या रविवार. धाकधूक होतेय आणि मजाही वाटतेय, दोन्ही एकदम! त्या प्राण्याला आधी नुसतं सरळ जायला शिकवायचं.

१२ एप्रिल

मैदानावर चिटपाखरू नाही. मी विचारलं, "कुठाय तुमचा धांदरट?"

भाऊजींनी पुढची सीट चाचपली, टांग टाकली, हँडल दोन्ही हातांनी धरलं. "हा काय! बसा मागे, बाई, आणि सांगा — सरळ म्हणजे कुठे?"