पुढच्या टेबलावरची नोट

२३ डिसेंबर २००५

निघालो. शिकागो ते फ्लोरिडा, दोन दिवस गाडीत. अरुणकाकांनी फरसाणचं दुकान नव्या वर्षापर्यंत बंद ठेवलंय. इथं डेव्हन रस्त्यावर त्यांच्याकडे कामाला येऊन मला दोन वर्षं झाली, कढई पहिल्यांदाच थंड बघितली. म्हणाले, "विष्णू, एकटा बसून काय करशील? तूही घरचाच." पुढे काका-काकू, मागच्या सीटवर मी आणि त्यांची वल्लरी. नऊ वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये सांगते. जमतं आमचं.

२४ डिसेंबर

जॉर्जियात चहाला थांबलो. रत्नाकाकू म्हणाल्या, परत गेलं की तुझ्या आईच्या व्हिसाचं पत्र लिहून टाकते. म्हणजे उन्हाळ्यात आई इथं! तिनं रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायची, असा काकूंचा बेत. "बालवाडीच्या बाई म्हटल्यावर मुलं गुमान ऐकतील."

बालवाडीच्या बाई. मीच सांगितलं होतं, आल्या आल्या, पहिल्या आठवड्यात. आई फडात नाचायची. सातवीत पोरं बेंचवर ढोलकीचा ठेका धरायची मला बघून. शाळा सोडली ती सोडलीच. इथं कोणाला काय कळतंय, म्हणून बोलून गेलो. आता ते कागदावर जाणार. आणि खरं सांगितलं तर पत्रच जाणार नाही.

२५ डिसेंबर

पोचलो. पाठ मोडली.

२६ डिसेंबर

संध्याकाळी लुआऊला गेलो. म्हणजे दूरच्या बेटांवरच्या लोकांचं जेवण आणि नाच, तिकीट काढून. काकांनी हौसेनं पुढचं टेबल घेतलं होतं. सगळ्यांच्या गळ्यात फुलांचे हार, प्लास्टिकचे. जेवायला डुक्कर. काकूंनी नुसता भात आणि अननस घेतला, वर पर्समधून लसणाची चटणी काढली. काका म्हणाले, "अगं, इथं तरी नको." मग आधी स्वतःच घेतली.

लाकडी ढोल सुरू झाले. ठेका वेगळा, पण लागतो तिथंच, पोटात. पाच जणी आल्या. त्यातली एक खाली उतरून टेबलाटेबलातून लहान मुलांना वर नेत होती. वल्लरीलाही नेलं. काय नाचली पोरगी! मग ती बाई तिला आमच्या टेबलाशी सोडायला आली. ढोल चढलेला. तीही जागच्या जागी नाचतच होती.

मी खिशातून डॉलरची नोट काढली आणि तिच्यापुढे केली. जवळ ये, घे, म्हणून. दौलतजादा! कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं.

लहानपणी कनातीच्या फटीतून हेच बघायचो. पुढच्या रांगेतले, कोणी नोट हातात धरून, कोणी दातात, आईला जवळ बोलवायचे. मोठा झालो की एकेकाला बघून घेईन म्हणायचो.

ती बाई दोन पावलं मागं सरली. हसू तोंडावर तसंच ठेवलं. ते हसू माझ्या ओळखीचं आहे.

माइकवाला काहीतरी बोलला. सगळे हसले. काकूंनी वल्लरीला ओढून मांडीवर घेतलं.

जास्त लिहवत नाही.

२७ डिसेंबर

नाश्त्याला काका हळूच म्हणाले, "ही सवय कुठली रे?"

"गावच्या जत्रेत बघितलं होतं."

"आईला कळलं तर काय वाटेल? पोरांना शिकवणारी बाई ती."

मी टोस्टला आणखी लोणी लावलं.

वल्लरीनं एवढंच विचारलं, "व्हाय डिड यू डू दॅट, दादा?"

२९ डिसेंबर

परतीला लागलो. टेनेसीत पेट्रोल भरायला थांबलो. काका वल्लरीला घेऊन आत गेले. काकू पुढच्या सीटवर. त्यांच्या पाठीला सांगितलं. आई शिकवत नव्हती काकू. तमाशात नाचायची. मी खोटं बोललो.

तेवढ्यात काका आले, गाडी सुटली. केंटकी लागलं. मग काकू मागं न बघताच म्हणाल्या, "त्यांचे गुडघे दुखतात म्हणतोस, ते त्यानंच का?"

"हो."

"कोणाचे गुडघे?" काका.

"तुम्ही समोर बघा."

२ जानेवारी २००६

कढई तापली. दुपारी काकूंनी पत्र आणून दिलं. सगळं टाइप केलेलं. फक्त आईच्या नावापुढं कामाची जागा कोरी. "तिथं काय लिहायचं ते त्यांनाच विचार. आणि आपल्या मनाचं लिहू नकोस."

३ जानेवारी

आईला फोन केला. म्हणाली, "तमाशा कलावंत लिही. सरकारी मानधनाच्या कागदावर तसंच हाय. त्यात इचारायचं काय?"

मग नोटेचंही सांगून टाकलं. तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "हातात धरली व्हतीस का दातात?"

हातात, म्हणालो.

दातात धरली होती.